स्क्रूच्या पाव आट्याचा घोळ : घरी बांधलेल्या विमानाचं आयडल आणि दोन चुकलेली उतरणं (प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापूर जिल्ह्यातल्या एका खासगी धावपट्टीवर घडलं. माणसांची नावं गाळली आहेत आणि जागेचा पत्ता मुद्दाम मोघम ठेवलाय. विमानाची नोंदणी, उड्डाणाची परवानगी आणि तपासणी हा वेगळा आणि लांबलचक विषय आहे, त्यात इथे शिरत नाही.

मी विमानाचा इंजिनिअर नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं कार्ब्युरेटरचं गॅरेज आहे. 2020 मध्ये बीएस-सिक्स हे धुराचे नियम आले, दुचाक्यासुद्धा इंजेक्शनवर गेल्या आणि आमचं काम आटत चाललं. तरीही जुन्या बुलेट आणि जनरेटर घेऊन लोक येत राहतात. अशाच एका दिवशी अण्णा आले. वय सदुसष्ट. उभी हयात गिरणीच्या मेंटेनन्समध्ये गेलेली. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव 2016 च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात झळकले, तेव्हापासून अण्णांच्या डोक्यात हे खूळ होतं. मग किट आणलं आणि गावाकडच्या शेडमध्ये पाच-सहा वर्षं खपून दोन आसनी, वर पंख असलेलं हलकं विमान उभं केलं. इंजिन रोटॅक्स 912, ऐंशी हॉर्सपॉवरचं. उडवायला बारामतीत शिकलेला, परवाना असलेला एक पायलट. त्याला आम्ही सगळे कॅप्टन म्हणतो.

गावात एक प्रश्न हमखास येतो : "कारखान्याची चिमणी पाडली की ओ, आता तुमचं विमान होटगी रोडला उतरणार का?" होटगी रोडच्या सोलापूर विमानतळाला अडसर ठरलेली साखर कारखान्याची चिमणी 2023 मध्ये पडली हे खरं, पण अण्णांचं विमान मुरमाच्या साडेपाचशे मीटर पट्टीवरच उतरतं. पट्टीच्या पश्चिम टोकाला कालव्याचा भराव आहे. हा भराव लक्षात ठेवा.

इंजिनाबद्दल दोन गोष्टी आधीच सांगतो, पुढे लागतील. पहिली, पंखा इंजिनच्या वेगाने फिरत नाही. मधे 2.27 ला 1 असा गिअरबॉक्स आहे, म्हणजे इंजिन मिनिटाला 1700 फेऱ्यांवर (आरपीएम) असेल तेव्हा पंखा 750 च्या आसपास. दुसरी, यावर दोन कार्ब्युरेटर आहेत आणि एकेक दोन-दोन सिलिंडरना पाजतो. बुलेटची रेस सोडली की स्प्रिंग बटरफ्लाय, म्हणजे कार्ब्युरेटरच्या घशातली झडप, बंद करते. इथे उलटं आहे, स्प्रिंग बटरफ्लाय उघडते आणि केबल ती ओढून बंद करते. हवेत केबल तुटली तर इंजिन बंद पडण्याऐवजी पूर्ण ताकदीवर जावं, म्हणून अशी रचना. हे मला कळायला चार महिने लागले, आणि या प्रकरणातला अर्धा घोळ तिथलाच.

अडचण : आधी तरंगणं, मग बंद पडणं

अण्णांनी आयडल, म्हणजे रेस पूर्ण मागे असताना इंजिन ज्या वेगाने चालत राहतं तो वेग, मुळातच चढं ठेवलेलं. कॉकपिटचा काटा 2200 दाखवायचा. कारण आवाज. वेग कमी केला की या गिअरबॉक्समधून खडखड येते आणि ज्या माणसाने लूमच्या आवाजावरून बेअरिंगचं दुखणं ओळखलं, त्याला ती खडखड सोसवेना. त्यांची शंका अगदीच बिनबुडाची नव्हती, फार खाली चालवलं तर या गिअरबॉक्सला मार बसतोच.

एप्रिलात एका दुपारी, तापमान 41 अंश असताना, कॅप्टन उतरायला आला. रेस पूर्ण मागे. विमान पट्टीच्या सुरुवातीलाच हातभर उंचीवर आलं, पण टेकेना. अर्धी पट्टी संपली तरी तरंगतंय. शेवटी टेकलं, ब्रेक दाबले, आणि भरावापासून चाळीस पावलांवर थांबलं. ती पावलं मी नंतर स्वतः मोजली.

शेडमध्ये आल्यावर कॅप्टन एवढंच म्हणाला, "मिस्त्री, हे विमान उतरायला तयार नाही. रेस कमी करा."

मी कमी केली. कसं, ते सांगायला आज लाज वाटते. इंजिन गरम करून घेतलं, बंद केलं, बटरफ्लाय कुठवर मिटायची ते ठरवणारा स्टॉप स्क्रू पाव आटा, म्हणजे पाव फेरी, मागे घेतला, परत चालू केलं, कान दिला. डाव्या कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून फारसा फरक पडेना, म्हणून उजव्याचा जास्त मागे घेतला. काटा 1500 वर आला. बुलेटसारखं छान ठोके देऊन चालत होतं. मी हात पुसले आणि अण्णांकडची शेंगाचटणी-भाकरी खाऊन घरी गेलो.

मे-जून बरा गेला. ऑगस्टमध्ये, पाऊस नुकताच उघडलेला, 24-25 अंश, हवा ओली. कॅप्टन उतरताना जरा उंच राहिला म्हणून त्याने रेस पूर्ण मागे ओढली. दीडशे फुटांवर समोरचा वारा पडला आणि विमान झपकन खाली बसायला लागलं. त्याने रेस पुढे ढकलली. इंजिनने ठसका दिला आणि काही केल्या पिकअप घेईना. मग एकदम पकडलं. तो उतरला, पण धावतानाच इंजिन बंद पडलं आणि पंखा आडवा थांबला. चौघांनी चिखलातून ढकलत विमान शेडमध्ये आणलं.

"दोन सेकंद काहीच झालं नाही," कॅप्टन म्हणाला. "तुम्ही मनात मोजून बघा दोन सेकंद किती असतात."

मोजले. तो सेकंदाला दहा-बारा फुटांनी खाली येत होता.

पर्याय

त्या संध्याकाळी शेडमध्ये जे बोलणं झालं, त्यात रागच जास्त होता.

अण्णांचं म्हणणं सरळ होतं : आयडल परत 2200 वर न्या, निदान बंद तर पडणार नाही. पण मग भराव परत समोर. कॅप्टनचं म्हणणं, आहे तसं राहू द्या, मी रेस कधीच पूर्ण मागे घेणार नाही, बोटभर पुढे ठेवीन. बरेच पायलट असं करतात आणि ते चूकही नाही. मला एकच गोष्ट खटकली. ज्या क्षणी माणूस घाबरून रेस पूर्ण ओढतो, त्याच क्षणी ही सवय त्याच्या लक्षात राहायला हवी. ऑगस्टमध्ये नेमकं तेच घडलं होतं.

तिसरा पर्याय पंख्याचा. याची पाती जमिनीवर बोल्ट सैल करून फिरवता येतात. पातं जरा चपटं केलं की त्याच आरपीएमला ते कमी ओढतं, उतरताना जास्त अडवतं. अण्णांना हे फार आवडलं, कारण कोनमापक घेऊन करायचं काम होतं ते. पण चपटं पातं म्हणजे उड्डाणाच्या वेळी इंजिन जास्त फिरणार, आणि या इंजिनला 5800 च्या वर जायची मुभा नाही, तेही पाचच मिनिटं. उतरणं सुधारायला चढणं बिघडवायचं, हे पटलं नाही. अण्णांचा एक पाहुणा म्हणाला, पट्टी दिसली की इंजिनच बंद करा, ग्लायडरसारखं. त्याला चहा देऊन गप्प केला.

बर्फाचाही विषय निघाला. ओल्या हवेत, बटरफ्लाय जवळजवळ मिटलेली असताना, कार्ब्युरेटरच्या घशात बर्फ धरू शकतो. 24-25 अंशातही. हे खरं आहे आणि आम्ही ते नाकारू शकलो नाही. पण मला या कारणाची धास्ती वाटते ती वेगळ्या अर्थाने. बर्फ वितळतो, पुरावा उरत नाही, आणि सगळ्यांची सुटका होते. माझी तर सर्वात आधी झाली असती.

शेवटी ठरलं की काहीही फिरवायच्या आधी मोजायचं. चार महिने उशिरा.

मोजणी

सुरुवात काट्यापासून. विमानाची शेपूट ट्रॅक्टरला बांधली, चाकांना ठोकळे लावले, पंख्याच्या पातीवर चमकणारी पट्टी चिकटवली आणि बाजूने, पंख्याच्या रेषेबाहेर उभं राहून ऑप्टिकल टॅकोमीटर धरला. कॉकपिटचा काटा 1500. पंखा 595. गुणिले 2.27, म्हणजे इंजिन 1350. काटा दीडशे जास्त दाखवत होता. या इंजिनचं आयडल 1400 च्या खाली नेऊ नये असं मॅन्युअल सांगतं. मी ते कानाच्या भरवशावर 1350 ला नेऊन ठेवलेलं.

मग केबल. इंजिन बंद, इग्निशन बंद, रेस पूर्ण मागे. चहाच्या बिलाचा कपटा फाडला आणि उजव्या कार्ब्युरेटरचा दांडा आणि स्टॉप स्क्रू यांच्यामध्ये सरकवून पाहिला. कपटा घट्ट धरला गेला. डाव्या बाजूला तोच कपटा अलगद आत-बाहेर होत राहिला. म्हणजे डावा दांडा स्क्रूपर्यंत पोचतच नव्हता. कॉकपिटमधली रेसची मूठ आधीच पॅनेलला टेकत होती, केबलची ओढ तिथेच संपत होती आणि स्प्रिंग डावी बटरफ्लाय किंचित उघडी धरून ठेवत होती. एप्रिलात डावा स्क्रू फिरवून फरक का पडला नाही, ते आत्ता कळलं. त्याची भरपाई म्हणून मी उजवा स्क्रू मागे घेतलेला. दोन सिलिंडर उपाशी, दोन जेवलेले, आणि सरासरी कानाला गोड.

दोन्ही बाजूंना जोडणारी एक बॅलन्स नळी असते. ती असला फरक बराचसा झाकते, म्हणून ठोके बरे वाटत होते. नळी काढून दोन्हीकडे व्हॅक्यूम गेज लावले तेव्हा दोन काटे दोन गावांना.

तिसरं, पेट्रोल. हे माझ्या डोक्यात आलं ते गॅरेजमध्ये. अलीकडे जुन्या गाड्यांची आयडलला धापा टाकायची तक्रार वाढली होती. काचेच्या मापात 10 मिली पाणी आणि 90 मिली पेट्रोल घातलं, तोंड बंद करून हलवलं, ठेवलं. खालचा पाण्याचा थर 10 वरून 27 च्या आसपास आला. इथेनॉल पाण्यात उतरतं, त्यामुळे थर जेवढा वाढला तेवढं इथेनॉल. म्हणजे पंपावरचं हे पेट्रोल वीस टक्क्यांचं होतं. रोटॅक्सची मुभा दहा टक्क्यांपर्यंतच आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रावर) मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं. जोरात चालताना ते फारसं जाणवत नाही, पण आयडलवरून अचानक रेस दिली की ठसका बसतो. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल अण्णांच्या टाकीत पोचलं होतं आणि त्याबद्दल कुणी विचारही केला नव्हता.

चौथी मोजणी कागदावरची, आणि मला विचाराल तर तीच सगळ्यात महत्त्वाची. एप्रिलात विमान का तरंगलं?

पंखा स्क्रूसारखा आहे. आमच्या पंख्याची एका फेऱ्यातली चाल, ढोबळ हिशेबाने, दीड मीटर धरली. विमान फेऱ्यामागे दीड मीटरपेक्षा जास्त पुढे जात असेल तर हवाच पंखा फिरवते आणि पंखा ब्रेकचं काम करतो. कमी जात असेल तर पंखा ओढतो. उतरायला येताना वेग 50 नॉट, म्हणजे सेकंदाला 25.7 मीटर. भागिले दीड, सेकंदाला 17 फेरे, मिनिटाला पंख्याचे 1030, इंजिनचे साधारण 2340. पण टेकायच्या आधी वेग 40 नॉटवर येतो. तिथे हाच हिशेब इंजिनच्या 1870 ला येतो.

आता एप्रिल आठवा. काटा 2200, म्हणजे जमिनीवर खरे 2050. हवेत समोरचा वारा पंख्याला थोडं फिरवतोच, म्हणजे 2150 ते 2200. विमान 50 नॉटवर असेपर्यंत पंखा अडवत होता आणि सगळं ठीक दिसत होतं. 40 कडे येता येता, नेमकं टेकायच्या वेळी, तोच पंखा ओढायला लागला. वरून पाहणाऱ्याला वाटावं की विमान हट्टाला पेटलंय.

आणि तरीही हे अर्धंच कारण. कॅप्टनच्या मोबाईलवर त्या दिवसाचा पॅनेलचा व्हिडिओ होता. पट्टीच्या सुरुवातीला वेग 60 नॉट दिसतो, 50 नाही. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे 44 टक्के जादा. त्यावर सोलापूरचं ऊन. आपली जमीन समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पावणेपाचशे मीटर उंच, आणि 41 अंशात हवा इतकी विरळ होते की विमानाला ती पंधराशे मीटरवरच्या हवेसारखी भासते. काट्यावर तोच वेग असला तरी जमिनीवरचा खरा वेग आठ टक्के जास्त, टेकल्यानंतरची धाव सोळा टक्के लांब. व्हिडिओ बघून कॅप्टन बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे तुम्ही एप्रिलात का नाही विचारलं?" मी म्हटलं, "तुम्ही रेस कमी करा म्हणालात." दोघांनाही पुढे काही सुचलं नाही.

काय केलं

केबल नव्याने लावली. दोन्ही दांडे आपापल्या स्क्रूवर बसल्यावरही कॉकपिटमधल्या मुठीला थोडी जागा उरेल अशी. कपटा दोन्हीकडे सारखा धरला जायला लागला, तोवर स्क्रूला हात लावला नाही. मग व्हॅक्यूम गेजवर आधी आयडल जुळवलं, नंतर आयडलच्या वर, कारण वरचं जुळणं केबलवर अवलंबून असतं आणि ते वेगळं चुकू शकतं. प्रत्येक वेळी इंजिन बंद करूनच हात घातला. फिरत्या पंख्यामागे वाकून स्क्रू फिरवणारे लोक मी पाहिलेत. माझ्या शेडमध्ये ते होणार नाही.

आयडल गरम इंजिनवर खऱ्या 1700 वर ठेवलं. 1870 च्या खाली, म्हणजे टेकताना पंखा ओढणार नाही. 1400 च्या बऱ्यापैकी वर, म्हणजे बंद पडायला अंतर आहे. हवेत पंखा आपोआप थोडा वाढणार, तेही या दोन आकड्यांमध्ये धरलं. खडखड 1700 ला कमी होते, जात नाही. अण्णांशी यावर दोन दिवस घासाघीस झाली. त्यांना 1900 हवं होतं.

पेट्रोल बंद करून बाहेरून पिंपात विमानाचं इंधन आणायला सुरुवात केली. महाग पडतं. त्यात शिसं असल्याने ऑइल लवकर बदलावं लागतं. तरी सध्या तेच.

मग चाचणी. जमिनीवर, तेल 50 अंशांच्या वर गेल्यावर, आयडलवरून एका दमात पूर्ण रेस आणि परत मागे, दहा वेळा. एकदाही ठसका नाही. मग हवेत, पट्टीच्या बरोबर वर, दोन हजार फुटांवर. इंजिन बंद पडलंच तर पट्टी खालीच आहे अशा जागी. रेस पूर्ण मागे, 50 नॉटला काटा किती, हळूहळू 40 ला किती. हे आकडे अण्णांच्या नातवाने शेजारी बसून लिहिले. काट्याची चूक वजा करून 50 ला 2050, 40 ला 1800. दोन्ही ठिकाणी कागदावरच्या हिशेबाच्या खाली.

तपासणी करणाऱ्या इंजिनिअरला हे सगळं दाखवलं आणि लॉगबुकात लिहिलं. एप्रिलातला पाव आटा लॉगबुकात नव्हता. तो नोंदवला असता तर ऑगस्टनंतर शोधायला दोन आठवडे लागले नसते.

निष्पत्ती

पुढच्या दहा-बारा उतरणीत विमान पट्टीच्या पहिल्या एक तृतीयांशातच टेकलं. यात आयडलचा वाटा किती आणि 60 ऐवजी 50 नॉटने येण्याचा किती, हे मी वेगळं काढू शकत नाही, कारण दोन्ही एकाच आठवड्यात बदललं. माझा कौल वेगाकडे जास्त आहे. कॅप्टन याच्याशी सहमत नाही.

थंडीत एक नवी गोष्ट दिसली. डिसेंबरच्या सकाळी, इंजिन गार असताना, तेच आयडल 1550 वर येतं. गरम झालं की परत 1700. म्हणून उठायच्या आधी तेल तापेपर्यंत थांबायचं, आणि लांब उतारावर रेस मिटलेली ठेवायची नाही, मधूनमधून थोडी देऊन इंजिन ऊबदार ठेवायचं.

आज पुन्हा केलं तर

एप्रिलात तीन निर्णय होते आणि तिन्ही मी पाच मिनिटांत घेतले. पहिला, तक्रार ऐकून थेट स्क्रूला हात घालायचा की नाही. नको होता. आधी विचारायचं होतं, टेकताना वेग किती, वारा कुठून, व्हिडिओ आहे का. गाडीवाला म्हणतो "ब्रेक लागत नाही", तेव्हा मी टायर बघतोच की.

दुसरा, काट्यावर विश्वास. अर्ध्या तासाचं काम होतं ते.

तिसरा जास्त अवघड. डावा स्क्रू फिरवून फरक पडत नव्हता, तेव्हा थांबायला हवं होतं. स्क्रू फिरतोय आणि इंजिनला कळत नाही, म्हणजे त्या स्क्रूच्या हातात काही नाही. मी ते पाहिलं आणि उजव्याकडे वळलो, कारण उजवा ऐकत होता.

कॅप्टनच्या बाजूने एक. एप्रिलात अर्धी पट्टी संपली तेव्हा परत वर जायचं होतं. त्याने नंतर एका चुन्याच्या रेघेची मागणी केली. आता पट्टीचा पहिला एक तृतीयांश संपतो तिथे दोन्ही कडांना पांढरे दगड आहेत. तिथवर चाकं टेकली नाहीत तर रेस पुढे, चर्चा नाही. ही रेस देताना इंजिन ठसकलं तर दगडांचा काही उपयोग नाही, म्हणून दर पंचवीस तासांनी मी कपटा आणि गेज घेऊन जातो. मागच्या वेळी डावीकडचा कपटा जरा सैल लागला. केबलचं बाहेरचं कव्हर एक्झॉस्टच्या उष्णतेने आखडलं होतं. ते लांबून फिरवून बांधलं, आणि पावणेदोन तासांनी अण्णांनी जेवायला हाक मारली.